लग्नाला कोणी यावे?



दिवाळी सरली की चर्चच्या कार्यालयात लग्नाच्या चौकशा सुरू होतात. आगमनकाळात लग्ने शक्यतो टाळावीत अशी आपली जुनी रीत आहे, आणि उपवासकाळ लागण्याआधी सगळे उरकायचे असते. त्यामुळे नाताळनंतरचे दिवस आणि जानेवारी महिना आधीच भरून जातो. शिवाय सोलापूरच्या मे महिन्यात लग्न म्हणजे नवऱ्या मुलाच्या कोटाची आणि पाहुण्यांच्या सहनशक्तीची परीक्षा, हे आपण सारे अनुभवाने जाणतो. तेव्हा थंडीतले लग्न ही आपल्याकडे नवलाई नाही.

नवलाई वेगळीच आहे. गेल्या काही वर्षांत मुलगा-मुलगी समोर येऊन बसतात आणि म्हणतात, "फादर, लग्न आम्ही गोव्याला करायचं म्हणतोय. तुम्ही फक्त पत्र द्या." कोणी महाबळेश्वर-पाचगणीचे नाव काढतो. कोणाच्या मोबाईलमध्ये राजस्थानातल्या एखाद्या महालाचे फोटो तयार असतात. 2025 च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झाले तेव्हापासून तर गोवा विजापूर वेशीच्या पलीकडेच असल्यासारखे बोलणे चालते. याला 'डेस्टिनेशन वेडिंग' म्हणतात, म्हणजे आपल्या गावी नव्हे आणि सासरच्या गावीही नव्हे, तर निवडलेल्या एखाद्या रम्य ठिकाणी मोजक्या पाहुण्यांना नेऊन लावलेले लग्न. जागा, फुले, दिवे, पाहुण्यांच्या कपड्यांचे रंग, सारे आधी ठरवलेले असते आणि ते ठरवून देणारा माणूसही पैसे देऊन नेमलेला असतो.

पत्राची बाब आधी सांगून टाकू, कारण तिच्याविषयी बरेच गैरसमज आहेत. दोन कॅथलिकांचे लग्न त्यांच्यापैकी एकाच्या धर्मग्रामातल्या चर्चमध्ये लागावे, हा ख्रिस्तसभेच्या कायद्यातला सर्वसाधारण नियम आहे (कलम 1115 आणि 1118). दुसऱ्या चर्चमध्ये लावायचे तर आपल्या धर्मगुरूंची परवानगी पुरते, म्हणून ते पत्र. हिरवळीवर, समुद्रकिनारी किंवा हॉटेलच्या आवारात लावायचे तर परवानगी बिशपांची लागते आणि तेथे धर्मगुरूचे काहीच चालत नाही. गोव्यात आणखी एक गोष्ट आहे. तेथे चर्चमध्ये लग्न लागण्याआधी नागरी नोंदणी कार्यालयाचे कागद पूर्ण करावे लागतात. आपल्याकडची पद्धत तेथे लागू नाही. आपल्याकडे 1872 चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आहे. त्यात लग्न लावण्याची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी घालून दिली आहे आणि त्यानंतर लावायचे तर कॅथलिक धर्मगुरूला बिशपांची तशी परवानगी लागते. चांदण्यात आणि मेणबत्त्यांच्या उजेडात लग्न लावण्याचे बेत ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

इतके सांगून आम्ही पत्रावर सही करतो. सही करताना मनात जो प्रश्न उभा राहतो तो मात्र कायद्याचा नसतो.

ही आवड आली कोठून, हे समजणे अवघड नाही. 11 डिसेंबर 2017 रोजी विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचे लग्न इटलीतल्या टस्कनीत झाले आणि त्याचे फोटो घरोघरी पोहोचले. 1 डिसेंबर 2018 रोजी जोधपूरच्या उमेद भवन महालात प्रियांका चोप्राचे ख्रिस्ती पद्धतीचे लग्न झाले. त्यात वधूच्या डोक्यावरचा व्हेल 75 फूट लांब होता. आपल्या मुलींनी ते पाहिले आणि साहजिकच विचारले, "फादर, ते ख्रिस्ती लग्न चर्चबाहेर चालतं, मग आमचं का नाही?" ती पद्धत कॅथलिक नव्हती, असे उत्तर आम्ही देतो, पण व्हेलच्या लांबीविषयी आमच्याकडे कोणतेच कलम नाही. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांनीही परदेशात जाऊन लग्ने करणाऱ्यांना आवाहन केले की लग्ने भारतातच करा. म्हणजे हा विषय आता थोड्याशा श्रीमंतांचा राहिलेला नाही.

येथे खर्चावर एक प्रवचन देणे फार सोपे आहे आणि आपल्यापैकी बरेच जण त्याची वाटही पाहत असतील. ते आम्ही देणार नाही, कारण शुभवर्तमान आम्हांला तसे करू देत नाही. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा प्रभू येशूने काटकसर शिकवली नाही. योहान लिहितो की तेथे दगडाच्या सहा रांजण होत्या, प्रत्येकीत दोन-तीन मण पाणी मावत असे. आजच्या मापाने एकेक रांजण 80 ते 120 लिटरची, म्हणजे सहा मिळून 480 ते 720 लिटर उत्तम द्राक्षारस, आणि तोही पाहुणे आधीच पुष्कळ प्यालेले असताना. लग्नात हात सैल सोडू नये असे म्हणणाऱ्याने आधी या आकड्याशी हिशेब करावा.

ॲरिस्टॉटल हा तर ख्रिस्तापूर्वीचा तत्त्वज्ञ. त्याने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात, चौथ्या भागात, मोठ्या मनाने आणि शोभेल असा खर्च करणे हा सद्गुण मानला आहे. असा खर्च मुख्यतः देवळांवर आणि नगराच्या कामांवर व्हावा, पण खासगी आयुष्यातही एकदाच घडणाऱ्या गोष्टीवर करावा, असे तो म्हणतो आणि उदाहरण देतो ते लग्नाचेच. मात्र तो लगेच दोन गोष्टी जोडतो. ज्याच्याकडे साधन नाही त्याने असा खर्च करू पाहणे हा मूर्खपणा आहे. आणि ज्याला फक्त आपली संपत्ती दाखवायची असते तो मित्रांच्या साध्या जेवणालाही लग्नाची पंगत करून टाकतो. त्याला शोभा कशात असते ते कळत नाही. सेमिनरीत हा भाग शिकताना आम्हांला तो जुनाट वाटला होता. सोसायटीचे कर्ज काढून लेकीचे लग्न करणारी घरे पाहिल्यावर तो जुनाट वाटत नाही.

शिवाय बाहेरगावचे लग्न महागच असते असेही नाही. हजार-बाराशे पाने उठणारे आपले मंगल कार्यालयातले लग्न आणि साठ-सत्तर माणसांचे दोन दिवसांचे लग्न, यांचा हिशेब मांडला तर दुसरे काही वेळा स्वस्तही पडते. मुलांचे आणखीही म्हणणे असते, आणि ते आम्हांला मनापासून पटते. त्यांना मानपान नको असतो. कोणाला आधी कोट मिळाला, कोणाच्या साडीचा काठ कमी पडला, व्यासपीठावर कोण बसला आणि कोण राहिला, या रुसव्याफुगव्यांत आईवडिलांचे हाल झालेले त्यांनी पाहिलेले असतात. पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली कुटुंबाविषयी जे पत्र लिहिले, त्यात हीच खंत आहे. पत्रिका, कपडे, मेजवानी यांतच पैसा आणि शक्ती संपून जाते आणि वधूवर वेदीपाशी येतात ते थकून, गांजून. थोडक्या प्रियजनांत, शांतपणे, प्रार्थनापूर्वक लग्न व्हावे, ही इच्छा काही वाईट नाही.

मग आमचे मन कोठे अडते? ते अडते पाहुण्यांच्या यादीपाशी.

ख्रिस्तसभेची शिकवण अशी की लग्नाचा साक्रामेंत धर्मगुरू देत नाही. वधू आणि वर तो एकमेकांना देतात. त्यांची संमती हेच लग्न. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने ती संमती विचारतो आणि स्वीकारतो. शेकडो वर्षे याचा अर्थ असा घेतला गेला की दोघांनी एकांतात एकमेकांना वचन दिले तरी ते खरे लग्न होय. बोलायला ही गोष्ट किती रम्य! चांदणे, दोन माणसे आणि एक वचन. व्यवहारात काय घडत होते? पुरुष एकीला एकांतात वचन देई, काही वर्षांनी तिला सोडून दुसरीशी उघडपणे लग्न करी, आणि पहिलीला विचारले की "साक्षीदार कोण?" तर तिच्याकडे कोणी नसे. म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 सालच्या नोव्हेंबरमध्ये ठराव केला की यापुढे आधी जाहिराती वाचल्या जाव्यात आणि लग्न धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर व किमान दोन साक्षीदारांसमोर लागावे. तसे न लागलेले लग्न ते लग्नच नव्हे. आपण रविवारी मिस्साच्या शेवटी "अमुक यांचा मुलगा आणि तमुक यांची मुलगी" असे जे ऐकतो, ते या इतिहासातून आलेले आहे. अनेकांना ते कंटाळवाणे वाटते. आम्ही वाचताना काही जण निघूनही जातात.

या ठरावात आम्हांला महत्त्वाचे वाटते ते असे. साक्षीदार लागतो तो लग्न शोभून दिसावे म्हणून लागत नाही. दोघांत जो दुबळा आहे त्याच्या बाजूने उद्या उभे राहणारे कोणीतरी असावे, म्हणून तो लागतो. त्याच्यासाठी तो जवळपास राहणारा असावा लागतो. लग्नानंतर चार वर्षांनी एखादी मुलगी रात्री नऊ वाजता माहेरी परत येते, तेव्हा दार कोण वाजवते, मध्यस्थी कोण करते, मुलाला बाजूला घेऊन "अरे, तू आमच्यासमोर शब्द दिला होतास" असे कोण म्हणू शकते? गल्लीतली काकू म्हणू शकते. कारखान्यातला मित्र म्हणू शकतो. दोन रात्रींसाठी सुंदर कपड्यांत जमलेले पाहुणे, जे फोटो काढून चार दिशांना पांगले, त्यांना प्रेक्षक म्हणता येईल. साक्षीदार होण्याची सवड त्यांना मिळालेलीच नसते.

आता ती काकू यादीत का नाही ते पाहा. आपल्या धर्मग्रामात विड्या वळणाऱ्या बाया आहेत. त्यांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. दोन दिवस बाहेर म्हणजे दोन दिवस चूल थंड. यंत्रमागावर काम करणाऱ्याला मागच्या पाळीची अदलाबदल करावी लागते. कोणाची आजी डायलिसिसवर आहे, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे. यांना कोणी "येऊ नका" म्हणत नाही. आमंत्रण दिले जाते, आणि मोठ्या प्रेमाने दिले जाते. त्याही तितक्याच प्रेमाने म्हणतात, "तुमचं लग्न छान होऊ दे गं पोरी, आम्ही फोटो बघू." सारे गोडीत पार पडते. अंतरच त्यांना गाळते, आणि कोणाच्याही डोक्यावर त्याचा दोष येत नाही. नैतिकदृष्ट्या आम्हांला हीच गोष्ट सर्वांत अवघड वाटते. मंगल कार्यालयात बोलावले नाही तर भांडण होते, आणि भांडण झाले की निदान गाळले हे सगळ्यांना कळते.

कपड्यांच्या रंगाचेही तसेच. "सर्व पाहुण्यांनी कृपया फिकट गुलाबी परिधान करावे" असे आमंत्रणावर छापलेले आम्ही पाहिले आहे. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने म्हटले होते की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. फोटोची पार्श्वभूमी नीट जुळावी म्हणून मामाला गुलाबी करणे हे काही मोठे पाप नव्हे, आणि कांटने त्यावर ग्रंथ लिहिला नसता. तरीही पाहुणा आणि फुलदाणी यांत थोडा फरक ठेवावा, इतके तरी आम्ही म्हणू.

पण येथे कोणी आम्हांला अडवील, आणि सोलापूरकर तर हमखास अडवील. "फादर, मग आपल्या गावात दर जानेवारीत जे लग्न लागते त्याचे काय?" खरे आहे. सोलापुरात थंडीतले सर्वांत मोठे लग्न दर वर्षी 13 जानेवारीच्या सुमारास, ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत लागते. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्नाची इच्छा धरली, आणि त्या विरक्त पुरुषाने तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुमती दिली, अशी कथा आहे. तिची आठवण म्हणून सात नंदीध्वज मिरवणुकीने येतात, संमती कट्ट्यावर संमती वाचली जाते आणि लोक अक्षता टाकतात. हजारो माणसे पांढऱ्या बाराबंदीत असतात. म्हणजे तेथेही पाहुण्यांचा पोशाख ठरलेला, ठिकाण ठरलेले, सजावट तर डोळे दिपवणारी.

आपली श्रद्धा वेगळी आहे, पण या गावात राहणाऱ्या आपल्या प्रत्येकाने हे लग्न पाहिलेले असते, आणि त्यातला 'संमती' हा शब्द ऐकून लग्नाची ईश्वरविद्या शिकवणाऱ्याचे कान टवकारतात. आम्ही या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. आम्हांला दिसते ते इतकेच की बाराबंदी घालणारा माणूस कोणाच्या लग्नाला शोभा आणायला ती घालत नाही. लग्न त्याचे स्वतःचे असते. निरनिराळ्या समाजांकडे त्या सोहळ्यातले मान आहेत. ज्याला नंदीध्वज पेलता येत नाही तो रस्त्याच्या कडेला उभा राहतो, आणि तोही वऱ्हाडीच ठरतो. त्या लग्नाला आमंत्रण नसते. सोहळा लोकांच्या दारावरून जातो.

आता सर्वांत कठीण आक्षेप, आणि तो आम्हांला एका मुलीने घातला. ती पुण्यात नोकरी करते, मुलगा बंगळुरात, त्याचे आईवडील वसईला. ती म्हणाली, "फादर, माझं गाव कुठलं ते आधी सांगा. सोलापुरात मी आठवीपर्यंत होते. इथं मला ओळखणारी माणसं किती उरली? पुण्यात शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं मला माहीत नाही. गोव्याला निदान माझी माणसं एका जागी तरी येतील." याला आमच्याकडे तयार उत्तर नाही. आपली मुले शिकावीत, बाहेर जावीत म्हणून आपणच त्यांना पाठवले. आता त्यांचे शेजारी येथे का नाहीत असे विचारणे बरे दिसत नाही. तिची माणसे खरोखरच चार शहरांत वाटलेली आहेत, आणि त्यांना दोन दिवस एका छताखाली आणणे ही प्रेमाचीच गोष्ट आहे. आम्ही तिला एवढेच विचारले की त्या यादीतले कोण पुण्यात, तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर राहते? ती मोजू लागली आणि दोन नावांवर थांबली. "मग ते दोघे साक्षीदार म्हणून सही करू देत," आम्ही म्हणालो. तिने मावसभावाला आणि कॉलेजातल्या मैत्रिणीला साक्षीदार ठरवले होते. मावसभाऊ कॅनडात असतो. तिने नावे बदलली की नाही ते आम्हांला ठाऊक नाही.

कोविडच्या काळाचीही आठवण येते. 2021 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने लग्नाला 25 माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली होती. तेव्हा अनेक घरांत कागद-पेन घेऊन पंचवीस नावे लिहिताना आईवडिलांना रडू आले, कारण गाळणे आपल्या हाताने करावे लागत होते. त्या लग्नांत ना फुले होती, ना मेजवानी. लोकांनी गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवल्या, मोबाईलवर मिस्सा पाहिली. ती जोडपी इतर कोणापेक्षा कमी विवाहित नाहीत. छोटे लग्न आणि निवडलेले लग्न यांत फरक आहे, तो तेव्हा आम्हांला दिसला.

आहेराच्या वहीबद्दल एक शब्द. नवी मुले तिला हसतात: कोणी एकावन्न दिले, कोणी सोलापुरी चादर, कोणी स्टीलचा डबा, सारे लिहून ठेवलेले. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापणे सुसंस्कृतपणाचे समजतात. आम्हांला ती वही फार बोलकी वाटते. तिच्यात लिहिलेले असते की हे लग्न कोणाकोणाच्या मदतीने उभे राहिले आणि उद्या कोणाच्या घरी आपण उभे राहायचे आहे. गरिबाच्या एकावन्न रुपयांनी तो त्या लग्नात वाटेकरी होतो. हॉटेलातल्या मेजवानीत त्याला वाटेकरी होण्याची जागा नसते. तो फक्त जेवून येऊ शकतो.

आमचे म्हणणे सर्वांना पटेल असे नाही, आणि पत्र मागायला येणाऱ्यांनी या लेखामुळे संकोच करू नये. बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला, विवाहपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र आणि दोघांची समक्ष भेट, एवढे लागेल. तीन महिने आधी यावे. जाहिराती तीन रविवारी येथेच वाचल्या जातील. बाहेरगावी लग्न लागलेल्या जोडप्याने परत आल्यावर पहिल्या रविवारी आठच्या मिस्साला यावे, अशी आमची विनंती आहे. त्यांना वेदीपाशी बोलावून आशीर्वाद देऊ, आणि मिस्सानंतर अंगणात महिला मंडळाच्या भगिनी चहा करतील. ज्यांना गोव्याला जाता आले नाही त्यांनी तेव्हा त्यांना भेटावे. आहेर आणला तर घ्यावा.

आणखी एक नोंद. लग्न कोठेही लागो, त्याची बातमी बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवावी लागते आणि ती बाप्तिस्म्याच्या वहीत लिहिली जाते (कलम 1122). दुरून असे पत्र आले की आम्ही कपाटातून जुनी वही काढतो आणि त्या नावासमोर लग्नाची तारीख व ठिकाण लिहितो. त्याच ओळीत आईवडिलांची नावे असतात, आणि त्यांच्या पुढे धर्मपिता व धर्ममाता यांची. यांतले पुष्कळ जण अजून सोलापुरातच राहतात. पाहुण्यांची यादी करायला बसण्याआधी कोणाला ती ओळ पाहायची असेल तर कार्यालय उघडे असताना यावे, वही काढून देऊ.